पाठ मजबूत करायची, तर कोणती डेडलिफ्ट? खान्देशातल्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार सोडाच, आता चोपडा, शिरपूर, शहादा अशा तालुक्याच्या गावांतही जिम उघडल्या आहेत. संध्याकाळी तिथे छातीच्या बेंचला आणि दंडाच्या डंबेलला रांग लागते. डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरून दोन्ही हातांनी उचलून सरळ उभं राहायचा, वजनाचा बार मात्र कोपऱ्यात पडून असतो. कंबर जाईल ही भीती त्यामागे आहेच, पण डेडलिफ्टचे बरेच प्रकार आहेत आणि ते पाठीवर वेगवेगळा भार टाकतात, हे नवख्या माणसाला सहसा कोणी बसवून समजावत नाही. मग कोणाचं तरी पाहून तो बार उचलतो, आठवडाभर कंबर धरून बसतो आणि पुन्हा त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही.

खरं तर हा व्यायाम आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात जास्त कामाचा आहे. युरियाची गोण ४५ किलोची, सिमेंटची ५० किलोची. कापसाचं गाठोडं, केळीचा घड, मोटारीचा पाइप, पाण्याचे ड्रम, हे सगळं आपल्याकडे माणसंच उचलतात. ‘मनी कंबर दुखस’ (माझी कंबर दुखते) हे वाक्य खान्देशात तिशीतल्या माणसाच्या तोंडूनही ऐकू येतं. मला ते ऐकवत नाही, म्हणून हा लेख जरा लांब आहे.

आधी स्वतःला तपासा

कंबरेतून कळ निघून पायात उतरत असेल, पाय किंवा पाऊल बधिर होत असेल, हर्निया असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, पोटाचं किंवा मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बारला हात लावू नका. वजन उचलताना श्वास रोखला की रक्तदाब काही क्षण बराच चढतो, म्हणून रक्तदाबाची गोष्ट हलक्यात घेऊ नये. कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा जांघेजवळचा भाग बधिर पडला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. अशा वेळी मालिशवाल्याकडे जाऊन वेळ घालवू नका.

दिवसभर उभं राहून किंवा वाकून काम केल्यावर कंबर भरून येते, तेवढंच दुखणं असेल तर घाबरायचं कारण नाही. अशा पाठीला हळूहळू वजनाची सवय लावली, तर तिला बहुधा बरंच वाटतं.

डेडलिफ्टमध्ये पाठ नेमकं काय करते

हे समजलं की पुढचे सगळे प्रकार आपोआप समजतात, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

कण्याच्या दोन्ही बाजूंना कंबरेपासून मानेपर्यंत उभे जाड स्नायू असतात. दोन्ही बगलांमधून खाली कंबरेकडे पसरणारे रुंद स्नायू म्हणजे लॅट्स. मानेपासून खांद्यांच्या पात्यांपर्यंत आणि तिथून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेले ते ट्रॅप्स. डेडलिफ्टमध्ये हे सगळे ताणून काम करतात, पण त्यांच्यामुळे पाठीचा आकार बदलत नाही. तो जसाच्या तसा राखणं हेच त्यांचं काम. वजन वर आणतात ते नितंब आणि मांड्या. बैलगाडीत जोर बैलांचा असतो आणि दांड्या तो जोर गाडीपर्यंत पोचवतात. दांडी मध्येच लवायला लागली तर बैल कितीही दांडगे असोत, गाडी हलत नाही आणि दांडी मोडते. पाठीचं काम दांडीचं आहे. म्हणजे पाठ मजबूत करायची, तर पाठीने ओढायचं सोडून द्यायचं आणि पाठ घट्ट धरून पायांनी उठायला शिकायचं.

दुसरी गोष्ट अंतराची. कंबरेवर किती ताण येईल हे नुसत्या किलोवर ठरत नाही. वजन कंबरेपासून आडव्या रेषेत किती पुढे आहे, यावरही ते ठरतं. ६० किलोचा बार पायापासून १० सेंटीमीटर पुढे सरकला, तर एक मीटर लांब काठीच्या टोकाला ६ किलो टांगून ती आडवी धरल्यावर जेवढा पीळ बसेल, तेवढा जास्तीचा पीळ कंबरेवर येतो. पुढे ज्या ज्या प्रकाराबद्दल वाचाल, त्याला हे दोन प्रश्न विचारा. यात धड किती पुढे झुकतं? बार शरीरापासून किती लांब राहतो? तो प्रकार पाठीला किती जड आहे, याचं उत्तर मिळून जाईल.

पायरी १: काठी घेऊन वाकायला शिका

पहिला आठवडा बार नको. झाडूचा दांडा किंवा घरातली लाठी पुरे.

काठी पाठीवर उभी धरा. एक हात मानेमागे, दुसरा कंबरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध आणि माकडहाडावर. आता गुडघे किंचित सैल सोडा आणि बूड मागे ढकलत वाका. तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली, तर तुम्ही खुब्यातून वाकलात. माकडहाडावरून किंवा डोक्यावरून काठी सुटली, तर पाठीतून वाकलात. बहुतेकांची पहिल्या दिवशी सुटतेच. वीत-दीड वीत अंतरावर भिंतीकडे पाठ करून उभे राहा आणि बुडाने भिंत शिवायचा प्रयत्न करा. जमलं की थोडं पुढे सरका.

मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्यासारख्या वाटल्या की थांबायचं. तिथपर्यंतच तुमची मर्यादा आहे. त्याच्या खाली गेलात तर ते पाठ वाकवूनच जाल. ही मर्यादा महिनाभरात वाढते, घाई नको.

याच आठवड्यात श्वासही शिकून घ्या. हाताची बोटं कंबरेच्या दोन्ही बाजूंना रोवा, नाकाने श्वास घ्या आणि तो छातीत न भरता पोटात असा उतरवा की बोटं बाहेर ढकलली जातील. मग कोणी पोटात ठोसा मारणार आहे असं समजून पोट आवळा. नुसतं पोट आत ओढून घेणं म्हणजे आवळणं नव्हे. प्रत्येक रेपच्या (एकदा खाली-वर करण्याच्या) आधी हा श्वास, वजन वर गेलं की सोडायचा.

लॅट्स कसे घट्ट करायचे हे शब्दांत सांगून समजत नाही. म्हणून दोन्ही बगलांत खरोखरचा घडी घातलेला रुमाल धरा आणि तो पडू न देता वाकून या. बार उचलताना बगल अशीच बंद राहिली पाहिजे. बार पायापासून लांब पळतो तो बगल उघडते म्हणून.

पायरी २: रोमानियन डेडलिफ्ट, इथूनच सुरुवात

माझं मत स्पष्ट आहे. नवख्याने जमिनीवरून डेडलिफ्ट शिकण्याआधी रोमानियन शिकावी. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारे रुमानियाचे वेटलिफ्टर निकू व्लाड यांच्यामुळे हा व्यायाम जगभर पोचला. यात वजन वरून खाली जातं. बार आधीच हातात असतो, तुम्ही सरळ उभे असता, श्वास आणि पकड नीट बसवायला वेळ मिळतो. जमिनीवरून उचलताना मात्र सगळ्यात अवघड क्षण पहिलाच असतो.

बार मांडीच्या मध्यापर्यंत उंचीच्या स्टँडवर ठेवा. स्टँड नसेल तर जोडीदाराकडून हातात घ्या. पाय कंबरेइतके रुंद. श्वास, पोट, बगल. गुडघे थोडे सैल करा आणि मग त्यांचा कोन तसाच ठेवा. बूड मागे जाऊ द्या, बार मांडीला घासत, मग गुडघ्यावरून, नडगीच्या मध्यापर्यंत. कोणाचा गुडघ्याच्या जरा खालीच थांबेल, तेही ठीक. वजन पूर्ण पावलावर, किंचित टाचेकडे. वर येताना बूड पुढे आणा, उभे राहा, संपलं. वर पोचल्यावर मागे कलंडायचं नाही. फोटोत छान दिसत असेल, पण कंबरेचे मणके तिथे उगाच चेपले जातात.

तीन सेट, म्हणजे मध्ये थांबून तीन वेळा, आठ-आठ रेप. वजन एवढंच की आठवी रेप झाल्यावर अजून तीन सहज झाल्या असत्या असं वाटावं. खाली जायला पूर्ण दोन-तीन सेकंद घ्या. या हळू उतरण्यात कण्याजवळचे स्नायू बराच वेळ ताणलेले राहतात, म्हणूनच हलक्या वजनातही हा प्रकार पाठीला एवढा लागू पडतो.

हाच प्रकार गुडघे जवळजवळ सरळ ठेवून केला, तर ती स्टिफ-लेग. धड अजून पुढे झुकतं, बार जरा लांब राहतो, कंबरेवर ताण वाढतो. वर्षभर सराव झालेल्यांसाठी ठीक आहे. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पायरी ३: जिममध्ये मोजपट्टी घेऊन जा

आपल्या भागातल्या जिममध्ये लोकांच्या कंबरा दुखायचं एक मोठं कारण कोणाच्या लक्षातच येत नाही. ते असं.

स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा, म्हणजे बारला लावायच्या वजनाच्या गोल चकतीचा, व्यास ४५ सेंटीमीटर असतो. म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून २२.५ सेंटीमीटर उंच. डेडलिफ्टबद्दल वाचाल-पाहाल ते सगळं ही उंची धरून सांगितलेलं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये लोखंडी प्लेट असतात आणि ५ किंवा १० किलोची लोखंडी प्लेट व्यासाने खूपच लहान असते. नवखा माणूस दोन्ही बाजूंना १०-१० किलो लावतो आणि बार नडगीच्या पार खाली, घोट्याजवळ येतो. त्याला वाटतं आपण हलकी, सोपी डेडलिफ्ट करतोय. प्रत्यक्षात तो डेफिसिट डेडलिफ्ट करत असतो. एरवी तयारीचे लोक मुद्दाम प्लेटवर उभे राहून जो कठीण प्रकार करतात, तोच. तेवढं खाली जायला खुब्यात जागा नसते, मग पाठ वाकते.

उपाय साधा आहे. बारच्या दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली लाकडी फळ्या, जाड रबरी मॅट किंवा मोठ्या आडव्या प्लेट ठेवा आणि बारचा मध्य २२.५ सेंटीमीटरवर आणा. विटा ठेवू नका, वजन आदळलं की फुटतात. मांडीच्या शिरा फारच आखडलेल्या असतील, तर सुरुवातीला गुडघ्याच्या चार बोटं खालीपर्यंत उंची घ्या. ही झाली ब्लॉक पुल. दर आठवड्याला एक फळी कमी करत जमिनीच्या योग्य उंचीवर या. जमिनीवरून उचलायला शिकण्याचा याहून सुरक्षित रस्ता मला माहीत नाही.

त्याच फेरीत बारचंही वजन करून घ्या. पुरुषांचा ऑलिंपिक बार २० किलोचा, महिलांचा १५ किलोचा. पण लोकल लेथवर बनवलेला दांडा याहून बराच हलका असू शकतो. वजनकाट्यावर ठेवला की कळतं. वहीत खरे आकडे लिहिले तर पुढे जिम बदलल्यावर फसगत होत नाही.

पायरी ४: जमिनीवरून, म्हणजे कन्व्हेन्शनल

पाठीच्या ताकदीसाठी एकच प्रकार निवडायला सांगितला, तर मी हाच सांगेन. धड चांगलं झुकतं, कंबरेपासून ट्रॅप्सपर्यंत सगळी पाठ एकाच वेळी कामाला लागते आणि वजन हळूहळू वाढवत नेता येतं.

पाय कंबरेइतके रुंद, बोटं किंचित बाहेर. बार पावलाच्या मधोमध, म्हणजे नडगीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर. गुडघे न वाकवता खाली जाऊन बार पायांच्या लगेच बाहेर धरा. आता नडगी बारला टेकेपर्यंत गुडघे वाकवा आणि तिथेच थांबा. बूड आणखी खाली नेऊ नका. छाती वर काढा, पाठ सपाट होईल. श्वास, पोट, बगल. आता बार हलकाच वर ताणा, उचलू नका. बार आणि प्लेटमधली मोकळी जागा भरते आणि बारीक ‘टक्’ आवाज येतो. हा आवाज आला की पायांनी जमीन खाली ढकला. बार नडगीवरून, गुडघ्यावरून, मांडीवरून घासत वर येईल. गुडघा ओलांडला की बूड पुढे. उभे राहिलात, झालं.

खाली ठेवताना आधी बूड मागे, बार गुडघ्याखाली गेला की मग गुडघे वाकवा. जमिनीवर टेकला की थांबा, श्वास घ्या, पुढची रेप नव्याने सुरू करा. बार आपटून त्याच्या उसळीवर पुढची रेप काढणं बंद करा. त्या उसळीत पाठ सैल होते.

बहुतेकांचं चुकतं ते बूड फार खाली बसवून सुरुवात करण्यात. बैठक मारल्यासारखं बसतात, मग बार हलायच्या आधीच बूड झपकन वर येतं आणि सगळा भार कंबरेवर उरतो. कोणी म्हणेल पाय कमजोर आहेत. तसं नसतं, सुरुवातीची जागा चुकीची असते. आरशात बघण्यासाठी मान वर करणं हाही असाच दोष. नजर दोन-तीन मीटर पुढे जमिनीवर ठेवा. पाहायचंच असेल तर मोबाइल बाजूला कंबरेच्या उंचीवर ठेवून चित्रण करा आणि नंतर फक्त तीन गोष्टी बघा: बार सरळ उभ्या रेषेत वर गेला का, कंबरेची ठेवण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच राहिली का, बूड आणि खांदे बरोबर वर आले का.

पकड सुरुवातीला दोन्ही तळवे आपल्याकडे, साधी. घामाने बार सटकतो, विशेषतः उन्हाळ्यात, म्हणून चॉक (हाताला लावायची पांढरी पूड) ठेवा, निदान कोरडा नॅपकिन तरी. एक तळवा पुढे, एक मागे ही पकड जड वजनाला उपयोगी असते, पण उलट्या हाताच्या दंडाच्या स्नायूवर ताण येतो आणि तो कोपराजवळ फाटल्याची उदाहरणं आहेत. पहिलं वर्ष तिची गरज पडत नाही. कंबरेला बांधायच्या बेल्टचीही नाही. बूट सपाट तळाचे हवेत. पळायचे जाड, मऊ बूट पाय डळमळीत करतात. साधे कॅनव्हास चांगले.

सुमो, ट्रॅप बार आणि बाकीचे प्रकार

सुमोत पाय खांद्यांपेक्षा बरेच रुंद, बोटं बाहेर, हात पायांच्या आत. धड जास्त उभं राहतं, बारचा प्रवास कमी होतो, कंबरेवरचा ताण कन्व्हेन्शनलपेक्षा कमी पडतो. त्या बदल्यात मांड्यांच्या आतले आणि पुढचे स्नायू जास्त राबतात. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत दोन्ही चालतात, त्यामुळे सुमोला फसवेगिरी म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. धड लांब आणि हात आखूड असलेल्यांना ही बहुधा जास्त मानवते. पण पाठ हेच उद्दिष्ट असेल तर सुमो दुसरी निवड. कन्व्हेन्शनलमध्ये तंत्र नीट असूनही कंबर वारंवार भरून येत असेल, तर दोन-तीन महिने सुमो करा, सोबत रोमानियन चालू ठेवा.

शरीराच्या ठेवणीचा विषय निघालाच आहे तर लामार गँट या अमेरिकन पॉवरलिफ्टरचं उदाहरण सांगतो. त्यांचा कणा बाजूला वळलेला होता. तरीही १९८५ साली त्यांनी ६० किलो वजनाच्या शरीराने ३०० किलो उचलले, स्वतःच्या पाचपट. लांब हात आणि आखूड झालेलं धड यामुळे त्यांच्या बारला फार थोडं अंतर कापावं लागे. कोणाचं तंत्र जसंच्या तसं उचलण्याआधी त्याची हाडं आणि आपली हाडं सारखी आहेत का, हे पाहिलं पाहिजे.

ट्रॅप बार म्हणजे षटकोनी चौकट. तुम्ही मध्ये उभे राहता, मुठी दोन्ही बाजूंना. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अल जेरार्ड यांनी तो बनवला. वजन शरीराच्या पुढे न राहता रेषेत येतं, त्यामुळे कंबरेला सगळ्यात सोपा आणि शिकायला सगळ्यात सुटसुटीत प्रकार हाच. तुमच्या जिममध्ये असेल तर नशीबवान समजा, पायरी ३ ऐवजी हाच वापरा. नसेल तर वेल्डिंगवाल्याकडून बनवून घ्यायचा मोह होतो. जोड कच्चा निघाला तर वजन पायावर येईल, म्हणून नीट जाणकाराशिवाय ते करू नका.

रॅक पुल म्हणजे बार गुडघ्याजवळच्या उंचीवरून उचलणं. ट्रॅप्स आणि पकड यांना चांगली, पण अंतर थोडं असल्यामुळे लोक झेपेल त्याच्या दीडपट वजन लावतात आणि हिसके देतात. गुडघ्याच्या वरून तर करूच नका. स्नॅच ग्रिपमध्ये हात खूप रुंद धरायचे. त्यामुळे खाली जास्त झुकावं लागतं आणि पाठीचा वरचा भाग आणि लॅट्स पेटतात. खांदे गोल होऊन पुढे पडतात अशांना सहा-आठ महिन्यांनी हलक्या वजनात फार उपयोगी. मुद्दाम केलेली डेफिसिट त्याच्याही नंतर, आणि तेव्हाही उंची दोन ते पाच सेंटीमीटर, त्याहून जास्त नाही.

आठवड्याचा बेत

दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. काठीचा आठवडा सोडून पहिले चार आठवडे दोन्ही दिवस रोमानियन. त्यानंतरचे चार आठवडे एक दिवस रोमानियन, एक दिवस फळ्यांवरून. नवव्या आठवड्यापासून एक दिवस कन्व्हेन्शनल, तीन सेट पाच रेप, आणि दुसऱ्या दिवशी हलकी रोमानियन. सगळं नीट गेलं तर आठवड्याला ५ किलो वाढवा. अडखळायला लागलात तर २.५ किलो. सव्वा किलोच्या छोट्या प्लेट जिममध्ये नसतील तर मालकाला सांगून दोन मागवून घ्या, फार महाग नसतात. सोबत डंबेल रो (वाकून डंबेल कंबरेकडे ओढणं) आणि प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं) ठेवा. यापलीकडे पाठीसाठी नवख्याला काही लागत नाही.

आता वेळेचं. भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याच्या शेडमधली जिम दुपारी भट्टीच होते. साहजिकच लोक पहाटे पाचला जातात. पण झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात आणि उठल्या उठल्या वाकण्याचा ताण त्यांना जास्त बसतो. म्हणून पहाटे उठल्यावर निदान पाऊण-एक तास चालणं-फिरणं होऊ द्या, मग बारला हात लावा. जळगावकरांनी मेहरूण तलावावर एक फेरी मारून जिमला जावं, दोन्ही कामं होतील.

शेतात किंवा मार्केट यार्डात राबणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. कापूस वेचणी, केळी कापणी, ट्रक भरणं असेल त्या दिवशी डेडलिफ्ट नको. त्या दिवशी पाठीचं काम होऊन गेलेलं असतं. वेचणीच्या हंगामात आठवड्याला एकच दिवस आणि निम्मं वजन ठेवलं तरी कमावलेली ताकद टिकते. तासन्‌तास ट्रॅक्टर किंवा एसटीच्या हादऱ्यांत बसून आलात, तर पंधरा मिनिटं चालल्याशिवाय जड काही उचलू नका.

तायांनो, हे सगळं तुमच्यासाठीही जसंच्या तसं आहे. घागरी, हंडे, चाऱ्याचे भारे तुम्ही लहानपणापासून उचलता आहात. डेडलिफ्टने अंग पुरुषी होतं ही समजूत चुकीची आहे. सुरुवात ५-५ किलोच्या दोन डंबेलवर रोमानियनने करा.

खाण्याबद्दल थोडक्यात. वजन वाढवत नेणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रथिनं मिळावीत. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद असतोच, त्यावर घट्ट वरण, दाणे, दही-ताक, अंडी किंवा मटण असलं की बरंचसं भागतं. नुसत्या शेवभाजीवर मात्र भागत नाही.

गोण उचलताना हे कसं वापरायचं

गोण आणि बार सारखे नाहीत, हे समजून घ्या. बार नडगीला चिकटतो, गोण चिकटत नाही. तिचं पोट मध्ये येतं आणि वजन पुढे राहतं. त्यामुळे बार ८० किलो उचलणाऱ्यालाही ५० किलोची गोण जड वाटते.

गोण आधी उभी करा. तिच्या दोन्ही बाजूंना पाय, छाती तिला भिडवून कवेत घ्या. श्वास, पोट. बूड मागे नेत तिला आधी मांड्यांवर ओढून घ्या, तिथे क्षणभर थांबा, पकड सुधारा, मग पायांनी उठा. वळायचं असेल तर पावलं वळवा, कंबर नको. हमाली करणाऱ्या जुन्या माणसांना हे अंगवळणी पडलेलं असतं. त्यांच्याकडे नीट बघितलं तर ते गोण कधीच लांब हातांनी उचलताना दिसणार नाहीत. दुसरा माणूस हाताशी असेल तर दोघांनी मिळून उचला. केळीचा घड खांद्यावर घेताना भार वरून येतो, तिथे वाकण्याचा प्रश्न नसतो. फक्त घड अंगावर पडायच्या आधी पोट आवळलेलं हवं आणि गुडघे सैल.

वजन अडलं तर कोणता प्रकार जोडायचा

तीन-चार महिन्यांनी केव्हातरी वजन वाढायचं थांबेल. तेव्हा बार नेमका कुठे अडतो ते चित्रणात बघा. जमिनीवरून सुटतच नसेल, तर आधी सुरुवातीची जागा तपासा. ती बरोबर असेल तर दुसऱ्या दिवशी रोमानियनऐवजी दोन सेंटीमीटरची हलकी डेफिसिट करा. गुडघ्यापाशी अडत असेल तर गुडघ्याच्या खालून ब्लॉक पुल, पाच रेप, हिसका न देता. बार वर येतो पण पाठीचा वरचा भाग गोल होतो, असं असेल तर स्नॅच ग्रिप आणि जास्त रो. कंबर गोल होत असेल तर कोणताही नवा प्रकार जोडू नका. वजन २० टक्के उतरवा आणि तीन आठवडे प्रत्येक रेप गुडघ्याखाली दोन सेकंद थांबून करा. आणि पाठ शाबूत राहून नुसती मूठच सुटत असेल, तर शेवटच्या रेपनंतर बार वरच धरून दहा-पंधरा सेकंद उभे राहा. पकडीसाठी वेगळा व्यायाम लागत नाही.